शनिवारचे पाच अंक

शुक्रवारी रात्री जेवताना भाचीने विचारलं, "मामा, तू रोज सगळे पेपर वाचतोस. तूच सांग ना, कुणाला देऊ?"

ती ऐरोलीची. एकोणीस पूर्ण झाली आहेत, उद्या, सोमवारी, २० मे २०२४ला, लोकसभेसाठी पहिल्यांदा मत देणार. सुट्टीत दोन दिवस आमच्याकडे आली होती. तिच्या आईचं आणि माझं राजकारणावरून कधी जमलं नाही, त्यामुळे प्रश्न ऐकून ताटावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाव नाही सांगणार. पण उद्या पहाटे साडेतीनला उठ आणि माझ्याबरोबर चल."

ती उठली, याचंच मला कौतुक वाटलं.

मी वृत्तपत्र विक्रेता आहे. वडिलांनी १९७४ साली ठाण्यात नौपाड्यात घरोघरी पेपर टाकायची लाइन सुरू केली, १९९६ पासून मी चालवतो. घंटाळी, विष्णुनगर, ब्राह्मण सोसायटी आणि थोडी चरई. पावणेचारच्या सुमारास गोखले रोडच्या फुटपाथवर गठ्ठे उतरतात. ताडपत्री अंथरायची, सुतळी कापायची, पुरवण्या घालायच्या, इमारतीप्रमाणे थप्प्या लावायच्या. साडेपाचला पोरं सायकली काढतात. अर्थात पोरं हल्ली मिळत नाहीत, तीच मुलं आता जेवणाची पार्सलं पोचवतात. दोन इमारतींचे जिने मी स्वतः चढतो.

त्या शनिवारी पेपर बघण्यासारखे असणार हे मला आधीच माहीत होतं. आदल्या संध्याकाळी मुंबईत एकाच वेळी दोन मोठ्या सभा झाल्या होत्या. शिवाजी पार्कवर महायुतीची, पंतप्रधान मोदी आणि राज ठाकरे एका व्यासपीठावर. बीकेसीत इंडिया आघाडीची, तिथे उद्धव ठाकरे, शरद पवार, खर्गे, केजरीवाल. शहर एक, संध्याकाळ एक, बातमीदार दोन्हीकडे गेलेले. यापेक्षा चांगला धडा मला शोधून सापडला नसता.

दिव्याच्या खांबाखाली मी पाच मराठी अंक शेजारी शेजारी मांडले आणि तिच्या हातात मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी दिली. सांगितलं, जाहिरातीची जागा कॉलम सेंटिमीटरवर मोजतात, पैसेही त्यावरच लागतात. बातमीची जागा कुणी मोजत नाही. तू मोज.

तिने फुटपाथवर उकिडवं बसून खरंच मोजलं. एका अंकात एक सभा पानभर पसरलेली, फोटो व्यासपीठाच्या मागून घेतलेला, म्हणजे नेत्याच्या पाठीमागे नजर पोचेल तिथवर माणसं. दुसरी सभा त्याच पानावर खाली दोन कॉलमांत, फोटोत एकट्या वक्त्याचा चेहरा, तोंड उघडं आणि डोळे अर्धे मिटलेले. दुसऱ्या अंकात नेमकं उलट. तिसऱ्याने दोन्ही सभा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, फोटोही जवळपास सारख्या आकाराचे. चौथ्या अंकाला पहिलं पानच नव्हतं. वर पानभर एका पक्षाची जाहिरात, ज्याला आम्ही जॅकेट म्हणतो, आणि बातमी ते उलटल्यावर. पाचव्याने दोन्ही सभा आवरत्या घेऊन घाटकोपरच्या होर्डिंगची बातमी वर ठेवली होती.

"मामा, यातलं खोटं कुठलं?"

मी म्हटलं, खोटं मला एकही वाक्य सापडलेलं नाही. बघ, भाषणातली वाक्यं पाचही ठिकाणी तीच आहेत, कुठे चार घेतली आहेत कुठे दोन. ती बराच वेळ गप्प बसली. तिची कल्पना अशी होती की पक्षपाती पेपर म्हणजे खोटं छापणारा पेपर, आणि खोटं पकडलं की काम झालं. माझीही तिच्या वयात तशीच होती. अठ्ठावीस वर्षं गठ्ठे सोडल्यावर मला कळलं आहे की कल दिसतो तो जागेत, फोटोच्या निवडीत, कुणाच्या नावामागे 'टोला' लिहिलं आणि कुणाच्या मागे 'आरोप' यात. आणि सगळ्यात जास्त दिसतो तो न छापलेल्या बातमीत. ती शोधायची तर दुसरा पेपर शेजारी असावाच लागतो. एकट्या पेपरात गैरहजर बातमी दिसणार कशी?

घाटकोपरचंच घ्या. १३ मेला वादळात छेडानगरजवळच्या पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, ते उभं होतं १२० बाय १२० फुटांचं, रेल्वे पोलिसांच्या जमिनीवर. मेलेल्यांचा आकडा दिवसागणिक वाढत गेला. पहिल्या दिवशी सगळ्याच अंकांत एकच प्रश्न होता: परवानगी दिली कुणी? मग होर्डिंगवाल्याचा फोटो कुठल्या नेत्याबरोबर आहे यावर भांडण सुरू झालं. एकाने एक फोटो काढला, समोरच्याने दुसरा. माझ्या कोपऱ्यावर चहाला जमणारी माणसंही त्या फोटोंवरच भांडत होती. पंपावर पेट्रोल भरायला थांबलेली माणसं मेली, आणि आम्ही कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर आहे ते बघत होतो. मला त्याची फार लाज वाटली. त्या चर्चेत मीही दोन वाक्यं बोललो होतो.

चहाच्या त्या कोपऱ्याबद्दल थोडं सांगतो. सकाळी सहा ते सात तिथे चार-पाच जण पक्के असतात. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, रात्रपाळी संपवून येणारा रिक्षावाला, माझा मेव्हणा, शाळेतले एक सर. महिनाभर एकच विषय. काका म्हणतात, सगळी चॅनेलं सरकारने खिशात घातली. मेव्हणा म्हणतो, साठ वर्षं सगळे संपादक काँग्रेसचे होते तेव्हा तुम्हाला काही खुपलं नाही. सर म्हणतात, दोघांचंही बरोबर आहे, आणि मग दोघंही सरांवर तुटून पडतात.

या भांडणात मालकीचा मुद्दा येतो, तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण ती कुजबुज नाही, उघड माहिती आहे. 'सामना' बाळासाहेबांनी १९८८ मध्ये काढला तो शिवसेनेचं मुखपत्र म्हणूनच, त्यात लपवाछपवी नाही. 'प्रहार' राणे कुटुंबाचा. 'लोकमत' दर्डांचा, त्या घरातले विजय दर्डा काँग्रेसचे खासदार होते आणि राजेंद्र दर्डा मंत्री. 'सकाळ'चे प्रतापराव पवार हे शरद पवारांचे बंधू. नेटवर्क १८ समूह २०१४ मध्ये रिलायन्सच्या ताब्यात गेला, एनडीटीव्ही २०२२ च्या अखेरीस अदानींच्या. मालक कळला म्हणून आतली प्रत्येक बातमी खोटी ठरत नाही. यातल्या अनेक पेपरांत मालकाला न रुचणाऱ्या बातम्या आलेल्याही मी वाटल्या आहेत. पण वाचणाऱ्याला मालक माहीत असावा. आपण किराणावाल्याकडून तूरडाळ घेताना ती कुठली ते विचारतो, एवढं तरी इथेही विचारावं.

रिक्षावाला पेपर घेत नाही. तो मोबाइलवर बघतो. एकदा मी त्याला विचारलं, तुला दोन्ही बाजू दिसतात का? त्याने थोडा विचार करून सांगितलं, "दादा, काल जे पाहिलं तेच आज दाखवतो तो." इतकं सरळ उत्तर त्या कोपऱ्यावर महिनाभरात कुणी दिलं नव्हतं.

आता माझ्या गिऱ्हाइकांबद्दल. दोष फक्त छापणाऱ्यांचा आहे असं मला म्हणता येत नाही, कारण पेपर बंद करायचे फोन मला येतात. महागाई वाढली म्हणून, डोळे अधू झाले म्हणून, मुलगा म्हणतो मोबाइलवर येतं म्हणून. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरोघरी अंक टाकणं थांबलं, तेव्हा तुटलेली कित्येक घरं परत जोडली गेलीच नाहीत. पण निवडणुकीच्या वर्षात येणारे फोन वेगळे असतात. "तो पेपर उद्यापासून नको. फार एकतर्फी झालाय." नीट विचारलं की कळतं, त्या दिवशी त्यांच्या नेत्याच्या विरोधात काहीतरी छापून आलेलं असतं. एकतर्फी म्हणून बंद केलेल्या पेपरऐवजी ते जो मागतात, तो त्यांच्या बाजूने दुप्पट एकतर्फी असतो. पेपरवालेही हे ओळखून आहेत. खप कुठे वाढतो, कुठे घटतो, हे आमच्याकडूनच वर जातं.

सगळ्यात जिवाला लागलेली गोष्ट चरईतली आहे. एक आजोबा 'सामना' पहिल्या अंकापासून घेत होते. १९६७ मध्ये ठाणे नगरपालिकेत सेनेची सत्ता आली, सेनेला मिळालेली ती पहिलीच सत्ता, तेव्हा त्यांनी ऐन विशीत भिंती रंगवल्या होत्या. जून २०२२ मध्ये पक्ष फुटला. मुलगा शिंदे गटाकडे गेला, वडील मातोश्रीकडे राहिले. एका छपराखाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिला, त्याच आठवड्यात मुलाने मला सांगितलं, "काका, तो पेपर घरी नका टाकू, रोज वाद होतो." बिल मुलगा भरायचा, मी थांबवला. चौथ्या दिवशी आजोबा काठी टेकत स्वतः माझ्या ताडपत्रीपर्यंत आले, सुटे पैसे हातात धरून. तेव्हापासून रोज येतात. अंक इथेच पायरीवर बसून वाचतात, घडी करून मलाच परत देतात आणि रिकाम्या हाताने घरी जातात. मी पैसे नको म्हटलं तर रागावतात.

ठाण्यात या वेळी हे घरोघरी आहे. दोन्ही प्रमुख उमेदवार, ठाकरे गटाचे राजन विचारे आणि शिंदे गटाचे नरेश म्हस्के, एकाच शिवसेनेतून आलेले, दोघेही ठाण्याचे महापौर राहिलेले, दोघांच्याही बॅनरवर आनंद दिघे. इतकी वर्षं चिन्ह बघून मत देणाऱ्या माणसाला आता मशाल कुणाची आणि धनुष्यबाण कुणाचा हे समजून घ्यावं लागतं. अशा वेळी पेपरने मदत करायची की आणखी गोंधळ घालायचा? माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर बहुतेक अंकांनी दिलेलं मला दिसलं नाही. कोण गद्दार, कोण निष्ठावंत यावर पानंच्या पानं. घोडबंदर रोडवर माणसं रोज किती तास अडकतात, दिव्या-मुंब्र्याजवळ लोकलमधून किती जण पडतात, खासदाराने त्यासाठी संसदेत काय केलं आणि समोरचा काय करणार आहे, हे एखाद्या आतल्या कॉलमात.

आणि एक फसलेली, पण मला आवडलेली गोष्ट. विष्णुनगरच्या एका इमारतीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर दोन काका राहतात. तीस वर्षांची मैत्री, तलावपाळीला रोज एकत्र फेरी. एप्रिलपासून बोलणं बंद. कारण विचाराल तर ही निवडणूक. गेल्या आठवड्यात माझ्याकडे नव्याने लागलेल्या पोराने दोघांचे अंक उलटे टाकले. सव्वासातला दोघांचेही फोन. दोघंही माझ्यावर सारखेच ओरडले. मी माफी मागितली, अंक बदलून द्यायला स्वतः गेलो. दोघांच्याही हातात पेपर उघडलेला होता. चौथ्या मजल्यावरचे काका चष्मा वर करून म्हणाले, "यांच्याकडे रेल्वेची बातमी आहे रे. आमच्याकडे आली नाही ती." मी म्हटलं, उद्यापासून असंच उलट टाकू का चार दिवस? ते जोरात नाही म्हणाले. फेरी अजून सुरू झालेली नाही. पण हातातला अंक त्यांनी मला सगळा वाचून झाल्यावरच परत दिला.

शनिवारी पहाटे भाचीला हे सगळं सांगत होतो, तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली. मागच्या बुधवारीही तोच माणूस आला होता. पिशवीत पत्रकांचा गठ्ठा. "प्रत्येक अंकात एक घालायचं, रोख देतो." क्लासची, पिझ्झाची, डोळे तपासणीची पत्रकं आम्ही घालतो, त्यात गैर काही नाही. पण हे पत्रक एका उमेदवाराच्या घरच्या माणसांबद्दल होतं आणि खाली मुद्रकाचं नाव नाही, प्रकाशकाचं नाव नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम १२७ क आम्हा विक्रेत्यांना पाठ आहे: निवडणुकीच्या पत्रकावर दोघांचं नाव-पत्ता हवाच. मी बुधवारीही परत पाठवलं होतं, शनिवारीही पाठवलं. तो म्हणाला, पुढच्या नाक्यावरचा घालतोय. घालत असेल. माझ्या लाइनवरच्या आजींनी सकाळी चहाबरोबर असं काही वाचायचं नाही. पेपरात जे असतं त्याच्यावर निदान कुणाचं तरी नाव असतं, कुणावर तरी खटला भरता येतो.

२००९ ची विधानसभा निवडणूकही मी तिला सांगितली. तेव्हा एका सकाळी पुरवण्या घालताना दोन प्रतिस्पर्धी पेपरांत शब्दन् शब्द तोच मजकूर माझ्या हाताला लागला होता, एका नेत्याच्या कौतुकाचा. मला वाटलं छापखान्याची चूक असेल. पुढे पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये महाराष्ट्रातला तो सगळा प्रकार पुराव्यांसह मांडला, तेव्हा कळलं की याला पेड न्यूज म्हणतात, जाहिरातीचे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेला मजकूर. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी त्यावर सविस्तर अहवाल लिहिला आणि कौन्सिलने तो आधी पूर्ण प्रसिद्धच केला नाही. आता प्रत्येक जिल्ह्यात पेड न्यूज शोधायला आयोगाची समिती असते. तरी घरच्या घरी करायची तपासणी मी भाचीला शिकवली: बातमीत एकाच माणसाचं कौतुक, दुसऱ्या कुणाचं एकही वाक्य नाही, बातमीदाराचं नाव नाही, फोटो स्टुडिओत काढल्यासारखा. असं दिसलं की थांबायचं.

आणि शेवटी आतल्या पानावरचा एक चौकोन दाखवला. फौजदारी प्रकरणांबाबतचं घोषणापत्र. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गुन्हे दाखल असलेल्या उमेदवाराला ते पेपरात तीन वेळा द्यावं लागतं: कुठलं न्यायालय, कुठलं कलम, खटला कुठवर आलाय. तक्त्यासारखं, रुक्ष, कोपऱ्यात. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने त्याबद्दल मला विचारलेलं नाही. तिने मात्र पट्टी बाजूला ठेवली आणि ते बोट फिरवत वाचलं. मग मोबाइल काढून आयोगाच्या संकेतस्थळावर बाकी उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं उघडली, मालमत्ता, शिक्षण, सगळं. रील बघणारी मुलगी म्हणून तिची आई तिला ओरडत असते. चहा गार झाला तरी तिचं डोकं वर नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी प्रचार थांबला. भोंगे बंद झाल्यावर राम मारुती रोड केवढा शांत वाटला! टीव्हीवर आता ४८ तास प्रचार दाखवता येत नाही, छापील अंकाला मात्र ती बंदी नाही, जाहिरात आयोगाच्या समितीकडून तपासून घेतली की चालते. त्यामुळे आज, रविवारी, माझे गठ्ठे नेहमीपेक्षा जड होते. जॅकेटवर जॅकेट. आज उघड्या डोळ्यांनी वाचा, एवढंच सकाळी दारात भेटलेल्या प्रत्येकाला सांगत होतो.

भाची दुपारी ऐरोलीला गेली. मतदारसंघ आमचा एकच, मीरा-भाईंदरपासून बेलापूरपर्यंत पसरलेला, पण नाव तिथल्या यादीत आहे. जाताना पाचही अंक पिशवीत घालून घेऊन गेली. म्हणाली, आईला मोजायला लावते. कुणाला मत देणार ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

उद्या पावणेचारला टेम्पो येईल. लाइन साडेसहापर्यंत उरकायची आणि सातला शाळेत रांगेत उभं राहायचं, असं ठरवलंय. चरईतल्या आजोबांनी विचारलं आहे, मतदानाला जाताना मला बरोबर नेशील का, मुलाबरोबर जायचं नाही म्हणतात. मी त्यांना हो म्हटलं. संध्याकाळी मुलाचाही फोन आला, "काका, बाबांना ऊन लागायच्या आत न्या, आणि पाण्याची बाटली मी भरून ठेवतो."